पाचगणी-तापोळ्याकडे शेकोटीच्या लाकडाची पॅकेटं विकायची आहेत, जमेल का?

वाईकर_पोरगा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वाईचा, नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार घरी. मामांची फलटण तालुक्यात दीडेक एकर सुबाभूळ उभी आहे. बांधाला लावली, पडीक तुकड्यात आपोआप पसरली, आता कोणी विचारत नाही. शेळ्यांना पाला होतो तेवढाच.

गेल्या डिसेंबरात मित्राच्या तापोळ्याच्या तंबूंवर मदतीला गेलो होतो. तिथे एका शेकोटीचे पाहुण्यांकडून ५०० रुपये घेतात. लाकूड कसलं येतं ते बघितलं तर हसाल. अर्धं ओलं, थोडं कुणाच्यातरी जुन्या दाराच्या चौकटीचं, त्यावर रंग तसाच. पेटत नाही म्हणून मित्र डिझेल ओततो. एक ठाण्याच्या बाई डोळे चोळत म्हणाल्या, "अहो, सुकं लाकूड पाकिटात मिळत नाही का इकडे? आम्ही जास्त पैसे देऊ." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

माझा हिशोब असा: मामा २ रुपये किलोने देतील, तोडायचं आपण. १० किलोचं पॅकेट म्हणजे २० रुपयांचं लाकूड. छान प्लास्टिक गुंडाळायचं, वर स्टिकर, आणि २५० रुपयांना विकायचं. वाहतूक, मजुरी, सगळं धरून ७०-८० रुपये खर्च. आठवड्याला १०० पॅकेटं गेली तरी नोकरी सोडायचा विचार करता येईल.

प्रश्न: १) परवाने काय लागतात? २) लाकूड कापायला छोटी आरा मशीन घ्यावी का? ३) पॅकिंग कुठे मिळतं? ४) कोणी हे खरंच केलंय का?

घाटवाटा

अजून झाडं तोडा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे, ठाऊक असेलच. थंडी वाजली तर स्वेटर घाला म्हणावं पाहुण्यांना.

लोणंदची_वखारवाली

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, मी केलंय. तीन हंगाम. वडिलांची लोणंदला वखार होती. सरपण, बांबू, वासे, असला सगळा माल. गॅस घरोघरी गेला तशी वखार बसत गेली. बाबा गेल्यावर ती विकायची की चालवायची असा प्रश्न होता, तेव्हा मी पाचगणीच्या बंगल्यांना आणि हॉटेलांना जाळीच्या गोणीत भरून लाकूड द्यायला लागले. त्यामुळे तुमच्या हिशोबावर हसणार नाही. माझ्या वहीत पहिल्या पानावर अगदी हाच हिशोब आहे.

घाटवाटा, तुमचा राग समजतो, पण सुबाभूळ तोडली की संपत नाही. खुंटावरून पुन्हा फुटते आणि तीन-चार वर्षांत मनगट-दंडाएवढी होते. वाईकरांचं लाकूड फलटणच्या शेतातलं आहे, महाबळेश्वरच्या जंगलातलं नाही. तापोळ्याला आत्ता जे जळतंय ते कुठून येतं, हा प्रश्न तिथे जाऊन विचारा एकदा.

आता मुद्द्याचं. वाईकर, तुमच्या २० रुपयांच्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी आहे.

ही गोष्ट मला पहिल्या वर्षी कळली नाही, दुसऱ्या वर्षी मोजून कळली. ताज्या तोडीची सुबाभूळ एक टन, लोणंदच्या काट्यावर वजन करून, वेगळी रचून ठेवली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फोडली होती. मे संपताना तीच रास पुन्हा काट्यावर नेली. ६६० किलो. चोरी झाली नव्हती, ३४० किलो पाणी उडून गेलं होतं. त्यातून साल, भुगा, वाकडेतिकडे गाठीचे तुकडे वेगळे काढले तर विकण्याजोगं ६२० राहिलं. म्हणजे २ रुपयांचं लाकूड सुकलं की तिथेच ३ रुपये २० पैशांचं झालं, आणि अजून कोणी कुऱ्हाडीला हात लावायचे पैसे घेतलेले नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं, लाकूड वाईला आणून सुकवू नका. फलटणलाच, मामांच्या शेतात सुकवा. एक तर घाटापर्यंत पाणी वाहून आणायचं भाडं कशाला द्यायचं? दुसरं, फलटण-लोणंद हा पावसाच्या आडोशाचा मुलूख. आमच्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. मार्च ते मे आमच्याकडचं ऊन आणि कोरडा वारा फुकट आहे, ती तुमची भट्टी समजा.

माझी पहिल्या वर्षीची फजिती सांगते. मीही "छान प्लास्टिक" गुंडाळलं होतं, पारदर्शक, आतलं लाकूड दिसावं म्हणून. एप्रिलमध्ये तोडलेलं, मेअखेर वरून खडखडीत दिसलं म्हणून भरून टाकलं. ३४० पॅकेटं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाचगणीच्या दुकानदाराचा फोन, ताई, तुमच्या लाकडाला दाढी आलीय. जाऊन पाहते तर प्लास्टिकच्या आत थेंब आणि पांढरी-हिरवी बुरशी. लाकडातला ओलावा बाहेर पडायला वाटच नव्हती. सगळी परत आणली, फाडली, वाळत घातली, तोवर पाऊस लागला होता. त्यातली निम्मी शेवटी एका गुऱ्हाळाला वजनावर दिली.

त्यानंतर कांद्याची जाळीची गोणी. लोणंद म्हणजे कांद्याचा बाजार, गोणी कुठेही मिळते, हवा खेळते, लाकूड दिसतं, आणि फाटली तरी पिशवीचं दुःख नाही. तोंड सुतळीने बांधायचं, त्याच सुतळीत पुठ्ठ्याचं लेबल. पाहुण्यांना ती जास्त आवडते, हे मला नंतर कळलं. गावाकडची वाटते म्हणे.

सुकलं की नाही ते कसं ओळखायचं: दोन तुकडे एकमेकांवर हाणा. सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं थप्प करतं. टोकाला मधून बाहेर चिरा पडलेल्या हव्यात. ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं यंत्र हजार-दीड हजारात येतं, जरूर घ्या. पण मोजताना तुकडा फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. बाहेरून टोचलं की सगळेच पास होतात. २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मी गोणीत भरत नाही.

आणि फोडायचं ते ओलं असतानाच. हे बाबांचं. सुबाभूळ आणि बाभूळ वाळली की कुऱ्हाड उडते. ताजी असताना घणाच्या चार ठोक्यांत पाचर खाली जाते. अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो, सालीआडून पाणी निघत नाही. फोडलेलं लाकूड विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच, एकेरी थरात, वाऱ्याला आडवं रचा. वर झाकण, बाजू उघड्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत घाम सुटतो.

आता पैसे. माझ्या वहीतला तिसऱ्या वर्षाचा हिशोब देते, १० टन ओल्या लाकडाचा. बांधावर तोडून-भरून ३ रुपये किलोने ३०,०००. ट्रॅक्टरच्या चार खेपा ६,०००. फोडायची मजुरी किलोला १ रुपया २० पैसे, म्हणजे १२,०००. रचणं, मध्ये एकदा पालटणं, शेडमध्ये नेणं ३,०००. झाले ५१,०००. विकण्याजोगं निघालं ६.२ टन, म्हणजे सव्वाआठ रुपये किलो. १० किलोच्या गोणीमागे गोणी ९, लेबल दीड, भरणावळ ६. पिकअपने पाचगणीला एका खेपेत १५० गोण्या, भाडं ४,२००, म्हणजे गोणीला २८. सगळं मिळून गोणी पाचगणीत पोचेपर्यंत १२७ रुपयांना पडली. दुकानदाराला १७०ला दिली, त्याने २२०ला विकली. माझ्या हातात ४३. सहाशे वीस गोण्यांचे साडेसव्वीस हजार, त्यातून शेडचं भाडं, फोन, फुटतूट.

तुमचं लाकूड मामांचं आहे, थोडं जास्त सुटेल. पण नोकरी सोडायचं मनातून काढा. तिसऱ्या वर्षी माझ्या २,९०० गोण्या गेल्या, तेव्हा मी खूश होते.

"आठवड्याला १००" हे तर विसराच. विक्री अशी होते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी शनिवारी संध्याकाळी फोनवर फोन, मंगळवारी कुत्रं विचारत नाही. ३१ डिसेंबरच्या आधीच्या चार दिवसांत महिन्याची विक्री. मार्चपासून शुकशुकाट. पण एक गोष्ट कोणी सांगणार नाही ती सांगते, खरा भाव जुलै-ऑगस्टमध्ये मिळतो. पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत अजून भिंतीतल्या अंगिठ्या आहेत. धुक्यात, पावसात पर्यटक येतात, त्यांना त्या पेटवून हव्या असतात, आणि तेव्हा अख्ख्या घाटावर सुकं लाकूड कोणाकडे नसतं. मी त्या दोन महिन्यांत दुकानदाराला १७०ऐवजी २१०ने दिली. फक्त वर साठा करू नका, धुकं लाकडात शिरतं. दर आठवड्याला पसरणीच्या घाटातून थोडा थोडा माल चढवायचा.

परवान्यांचं उद्या लिहिते. पाणी आलंय.

डोंबिवली_फास्ट

वाचून मजा आली. एक सुचवू का? मुंबईत लाकडावरच्या पिझ्झाची इतकी दुकानं झालीत, शिवाय बेकऱ्या, तंदूर. रोजचं गिऱ्हाईक, शनिवार-रविवारची भानगड नाही. माल थेट मुंबईला का नाही पाठवत?

लोणंदची_वखारवाली

दादा, तो दरवाजा बंद होत चाललाय. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅस किंवा विजेवर जायला सहा महिन्यांची मुदत दिली, मग महापालिकेच्या नोटिसा निघाल्या, तंदूरवाल्यांनाही. मुंबईचं गिऱ्हाईक धरून कोणी आज शेड बांधू नये. भायखळ्याला बाबांचा एक जुना बेकरीवाला होता, त्याला वर्षानुवर्षं माल जायचा, म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही. पण धूर गल्लीतल्या लोकांच्या छातीत जात होता हेही खरंच.

आता कागदपत्रं.

आधी झाड कुठलं ते बघा. १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, अंजन, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुबाभूळ त्यात नाही. पण वाहतुकीचा नियम वेगळा आहे. लाकूड गाडीत भरून रस्त्यावर आलं की वनविभागाचा वाहतूक परवाना हा विषय येतो. काही जातींना त्यातून सूट असते. तुमच्या जातीचं नाव सूट असलेल्या यादीत आहे का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन बघा आणि त्या यादीची प्रत गाडीत ठेवा. सोबत मामांच्या सातबाऱ्याची प्रत आणि मामांनी लिहून दिलेली विक्रीची चिठ्ठी. माझी गाडी वाठारजवळ रात्री अकराला अडवली होती. चिठ्ठी घरी, मी गाडीत. पहाटे तीनपर्यंत लाकडावर बसून काढली. लाकूड खरं होतं, कागद नव्हता, एवढाच गुन्हा.

मामांची सुबाभूळ भरताना मजूर मध्येच बांधावरची बाभूळ, कडुनिंब, कधी चिंचेची फांदी टाकतात. त्यांच्या दृष्टीने लाकूड ते लाकूड. पण परवाना जातीवर असतो, म्हणून भरताना तिथे उभे राहा.

आरा मशीन घेऊ नका. आरा गिरणीला वनविभागाचा परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या, जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून हे प्रकरण इतकं कडक झालंय की नवा परवाना मिळवण्यात तुमचं लग्न, मुलं, सगळं होऊन जाईल. तुम्हाला फळ्या पाडायच्याच नाहीत. हातातला पेट्रोलवरचा कटर, घण आणि पाचर पुरे. कटरबद्दलही त्याच कार्यालयात विचारून ठेवा. तुकडे फूटभर लांबीचे करा, अंगिठीत आडवे बसतात. मी आधी दीड फुटाचे करायची, बंगल्यांचे माळी शिव्या द्यायचे.

पॅकेट म्हटलं की वैधमापन विभाग, म्हणजे वजनं-मापं तपासणारं खातं आलं. हे बहुतेकांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं. २०११ चे पॅकेटबंद मालाचे नियम लाकडालाही लागू होतात. लेबलवर तुमचं नाव-पत्ता, आत काय आहे, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, किलोमागे किती पडतं ते, आणि तक्रारीसाठी फोन, एवढं हवं. पॅकर म्हणून नोंदणी करायची. वजनकाटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा. हॉटेलला सुटं लाकूड काट्यावर मोजून दिलं तर लेबलाची भानगड नाही, म्हणून सुरुवात मी तशीच करायला सांगेन.

आणि वजन! लाकूड दुकानात बसल्या बसल्या हलकं होतं. फेब्रुवारीत १० किलो भरलेली गोणी मेमध्ये काट्यावर ठेवली तर १० भरेलच असं नाही. मी १० किलो ३०० ग्रॅम भरते. ते ३०० ग्रॅम फुकट जातात असं समजू नका, इज्जत राहते.

सरपणावर जीएसटी नाही. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, करून टाका, बँकेत कामाला येते.

वाईकर_पोरगा

ताई, दोन वेळा वाचलं, मग वहीत उतरवून घेतलं. प्लास्टिकचा विचार रद्द. आरा मशीनची चौकशी करायला शनिवारी सांगलीला जाणार होतो, तेही रद्द, डिझेल वाचलं.

दोन शंका. सुबाभळीबरोबर आजूबाजूची वेडी बाभूळ घेतली तर चालेल का? फलटण-इंदापूरकडे पडीक रानात बक्कळ आहे. आणि आमच्या पुण्याच्या सोसायटीत पावसाआधी झाडांची छाटणी होते, ते लाकूड फुकट मिळतं. ते?

लोणंदची_वखारवाली

वेडी बाभूळ जळायला उत्तम, निखारा तासन्‌तास राहतो. पण काटे. एकदा बंगल्यातल्या एका लहान मुलीच्या तळव्यात काटा गेला, मी ती गोणी परत घेतली, पैसे परत दिले, आणि तेव्हापासून वेडी बाभूळ फक्त हॉटेलच्या भटारखान्याला, सुटी. आपली रामकाठी बाभूळ मिळाली तर सोडू नका.

सोसायटीच्या छाटणीत गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष निघणार. हलकं, धुरकट, भुसभुशीत. शहरातल्या झाडांना १९७५ चा वेगळा कायदा आहे, छाटणीची परवानगीही महापालिकेची. फुकट लाकूड सगळ्यात महाग पडतं. पांगारा, सावर, शेवगा यांना हात लावू नका, कागदासारखे जळून जातात. पळस धुराचा. निलगिरी भसकन पेटते, वासही बरा, पण निखारा धरत नाही, मी पेटवणीपुरती मिसळते. कोकणातल्या एका गिऱ्हाइकाने सुरूचं लाकूड दिलं होतं. काय सांगू, त्याच्यासारखं जळण मी पाहिलं नाही.

आणि तीन झाडं चुकूनही गोणीत जाता कामा नयेत: कण्हेर, शेर आणि बिब्बा. कण्हेर विषारी, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी, बिब्ब्याच्या धुराने अंग सुजतं. लोक या लाकडावर कणसं भाजतात, पनीर भाजतात. मजुरांना ही झाडं ओळखता येतात, पण संध्याकाळी खेप पुरी करायच्या घाईत कोण बघतो?

लेबलवर एक ओळ ठळक छापा: तंबूत किंवा बंद खोलीत पेटवू नये. थंडीत लोक विझत आलेल्या निखाऱ्यांची घमेली तंबूत नेतात आणि चेन लावून झोपतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, झोपेतच जीव जातो. कायद्याने छापायला लागतं की नाही ते सोडा, छापा.

मिशिगनची_सुमा

आमच्याकडे हे धंदे पेट्रोल पंपावर, किराणा दुकानाच्या दारात दिसतात. वजनावर नाही, आकारमानावर विकतात, पाऊण घनफुटाची मोळी. पण मला वेगळंच सांगायचंय. इथे डेट्रॉइटजवळ २००२ मध्ये अ‍ॅश झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगेरा सापडला. बाहेरून आलेला. तो स्वतः फार लांब उडत नाही, पण लोक कॅम्पिंगला जाताना घरचं लाकूड गाडीत टाकून न्यायचे, त्यातून तो राज्याराज्यांत गेला आणि कोट्यवधी झाडं मेली. आता कॅम्पच्या फाटकावर पाटी असते, बाहेरचं लाकूड आणू नका, आणि पाकिटांवर भट्टीत तापवल्याचा शिक्का असतो. तुमच्याकडे लाकूड खाली फलटणहून वर जंगलाला लागून असलेल्या तापोळ्यात जाणार. किडीचं काय?

लोणंदची_वखारवाली

सुमाताई, हे मला नवीन होतं. आमचा त्रास वेगळा. सुबाभूळ नीट न सुकवता ठेवली की सालीखाली भुंगेरा लागतो, आणि पिठासारखा बारीक भुगा पडायला लागतो. दुकानदाराच्या फरशीवर भुगा दिसला की दुकानदार फोन करतो. म्हणून मी साल जितकी निघेल तितकी काढते आणि भुगा दिसलेली रास वर पाठवत नाही, इथेच वजनावर देते. वाळवी विटांवर रचल्याने कमी होते. पण तुम्ही म्हणता ते डोक्यात ठेवीन. वर किड्यासकट लाकूड गेलं तर नुकसान माझ्या २० गोण्यांचं नाही, तिथल्या रानाचं होईल.

कीड निघाली म्हणून विंचवाचंही सांगून टाकते. राशीच्या खालच्या थरात हमखास असतो. उन्हाळ्यात मोकळ्या हाताने गोणी भरायची नाही. भरल्यावर गोणी जमिनीवर दोनदा आपटायची. एकदा आपटली नव्हती, तो पाचगणीच्या एका बंगल्यातल्या दिवाणखान्यात निघाला. कोणाला चावला नाही. पण त्या बाईंनी परत कधी माझं लाकूड घेतलं नाही, आणि बरोबरच केलं.

सदाशिव_पेठी

थोडा वेगळा विचार. पुण्यात पूजेच्या दुकानात समिधांच्या पुड्या मिळतात. बोटभर काटक्या, ५०-१०० ग्रॅम, आणि किंमत तुमच्या १० किलोच्या गोणीशी स्पर्धा करेल. नवग्रहांच्या समिधा म्हणजे सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. गोवऱ्याही आता डझनावर ऑनलाइन विकतात. वाईला तर घाटावर गुरुजींची कमी नाही. वजन कमी, गाडीभाडं नाही, आणि कोणी १० किलो मागत नाही.

लोणंदची_वखारवाली

हे पटतंय, पण खैर अनुसूचीत आहे हे विसरू नका. शिवाय गुरुजी ओळखतात. आघाडा म्हणून दुसरं काही दिलंत तर माल परत येतो.

गोवरी मात्र उपयोगी. मी प्रत्येक गोणीत एक छोटी पुडी टाकते: चिरफळ्यांची मूठ, गोवरीचा पाव तुकडा, नारळाची शेंडी. पाहुणे पुण्या-मुंबईचे, त्यांना दंडाएवढं लाकूड काडेपेटीने पेटवायचं असतं. पुडी टाकल्यापासून "पेटत नाही" असे फोन बंद झाले आणि तंबूवाल्यांचं डिझेलही. माझ्या २,९०० गोण्यांमागे लाकडापेक्षा त्या पुडीचा वाटा मोठा असेल, असं मला अधूनमधून वाटतं.

वाईकर_पोरगा

काल फलटणला जाऊन आलो. मामांना सांगितलं की १ टनाचे ६६० किलो होणार. ते म्हणाले, "मग तू ३ रुपयांनी घे, पाणी मी का फुकट देऊ?" म्हणजे भाव वाढलाच.

तर ठरलं असं. यंदा फक्त ३ टन. जानेवारीअखेर तोडायची, तिथेच फोडून विहिरीजवळच्या खळ्यावर रचायची. पॅकेट नाही, लेबल नाही. मेमध्ये मित्राच्या तंबूंना आणि पाचगणीच्या दोन हॉटेलांना सुटं, काट्यावर मोजून. थोडं पावसाळ्यासाठी मामांच्या कांदाचाळीत ठेवू. चाळीत तेव्हा कांदा असतो, ते जरा बघावं लागेल. वनपरिक्षेत्र कार्यालयात सोमवारी रजा काढून जातोय.

खोडं बहुतेक मांडीएवढी आहेत, काही त्याहून जाड. एकट्या कुऱ्हाडीने होईल का?

लोणंदची_वखारवाली

मांडीएवढी असतील तर कुऱ्हाडीने नाही होणार, कुऱ्हाड अडकून बसेल आणि तुम्ही तिच्यावर चिडाल. लोखंडी पाचरी तीन लागतात. एक अडकली की ती सोडवायला दुसरी, दुसरी अडकली की तिसरी. फलटणला लोहाराकडे करून घ्या, बाजारातल्या तयार पाचरीचं डोकं लवकर फुटतं. पहिला ठोका ओंडक्याच्या मधोमध घालू नका. कडेने सुरुवात करा, सालीजवळून, आणि टोकाला जिथे बारीक चीर दिसते तिथे. गाठ आली तर तो तुकडा बाजूला ठेवा, त्यावर अर्धा दिवस घालवू नका, हॉटेलच्या भट्टीला अख्खा चालतो.

कांदाचाळीत ठेवणार असाल तर कांदा पूर्ण निघाल्यावरच. ओलसर कांद्याशेजारी लाकूड आणि लाकडाशेजारी कांदा, दोन्ही नासतील, आणि मामा तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.

बाबांचा घण आणि दोन पाचरी वखारीत पडून आहेत. फलटणला जाताना लोणंद वाटेतच लागतं. येऊन घेऊन जा, मार्चमध्ये परत आणून द्या. घणाचा दांडा बाभळीचा आहे, तेवढा पाण्यात ठेवू नका.